कुंद्यावरचा आकडा

खंडेनवमीला आमच्या गावच्या मोठ्या वाड्यात एक बंदूक पुजली जाते. कोयते, विळे, पाभरीचे फण, धाकट्या मुलाची सायकल आणि अलीकडे शिवणयंत्र, अशा सगळ्या मंडळींच्या मधोमध तिला पाटावर आडवी ठेवतात, झेंडूची माळ घालतात आणि हळदकुंकवाची बोटे ओढतात. वाड्याचा धनी माझा बालमित्र. त्यामुळे चड्डीच्या वयापासून मी ही पूजा पाहत आलो आणि पूजेनंतर सांगितली जाणारी कथाही ऐकत आलो. कथा अशी की 11 मार्च 1795 रोजी खर्ड्याच्या मैदानावर निजामाची फौज मोडली, तेव्हा या घराण्याच्या मूळ पुरुषाने शत्रूच्या एका स्वारापासून ही बंदूक हिसकावून घेतली. कथा सांगण्याचा मान मित्राच्या मातोश्रींचा. आम्ही त्यांना काकू म्हणतो. त्या सांगू लागल्या की अंगावर काटा उभा राहत असे.

मी पेशाने मास्तर आणि फावल्या वेळचा कादंबरीकार. असे काटे फुकट घालवण्याइतका मी श्रीमंत नाही. माझ्या ऐतिहासिक कादंबरीत मी ही बंदूक जशीच्या तशी घातली. नायक घोड्यावरून उडी घेतो, बंदुकीवर टोपी चढवतो, चाप ओढतो आणि निजामाचा सरदार कोसळतो. हे प्रकरण वाचून कित्येकांनी मला शाबासकी दिली होती.

मग एक पोस्टकार्ड आले. अक्षर टपोरे, मजकूर चार ओळींचा. लिहिणारे गृहस्थ सैन्यात हवालदार होते, शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या विभागात उमर काढून निवृत्त झाले आणि आता तालुक्याच्या गावी ट्रॅक्टर दुरुस्त करतात. मजकूर असा होता: "कादंबरी आवडली. पण टोपीची बंदूक खर्ड्यास नव्हती. टोपीचा शोध नंतरचा. बंदूक खरोखर असल्यास घोड्याशेजारची पोलादी पट्टी पुसून काय दिसते ते कळवावे."

खरे सांगतो, मला राग आला. मास्तराची चूक काढलेली मास्तराला कधीच रुचत नाही! पण रात्री झोप येईना. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वाड्यावर गेलो आणि मित्राला म्हणालो, बंदूक जरा काढ. रॉकेलचा बोळा घेऊन आम्ही दोघे बसलो. पट्टीवर कित्येक वर्षांच्या कुंकवाचा आणि तेलाचा लेप होता. तो सुटत सुटत आधी एक मुकुट दिसू लागला. मुकुटाखाली इंग्रजी दोन अक्षरे, व्ही आणि आर. आणि घोड्याच्या पुढच्या बाजूला 1861 हा आकडा व त्याखाली 'टॉवर' हा शब्द.

व्ही. आर. म्हणजे व्हिक्टोरिया रेजिना, व्हिक्टोरिया राणी. ही बाई गादीवर बसली 1837 साली. खर्ड्याच्या वेळी तिचा जन्मही झालेला नव्हता. 1861 मधून 1795 वजा करण्यास मॅट्रिकपुरते गणितही लागत नाही. बंदूक लढाईनंतर 66 वर्षांनी घडलेली होती.

मित्र माझ्याकडे पाहत राहिला. आतून काकूंचा आवाज आला, "काय रे, काय निघालं?" आम्ही दोघेही एकदम म्हणालो, "काही नाही काकू, गंज." मित्राने स्वतःच्या आईला काकू म्हटले, एवढा तो गोंधळला होता.

त्या रविवारी मी हवालदारसाहेबांना भेटायला गेलो. इतका शिकलेला माणूस मी क्वचित पाहिला आहे, आणि शिक्षण म्हणाल तर सातवी. त्यांच्या मेजावर पेन्सिली ठेवायला काडतुसांच्या पितळी पुंगळ्या होत्या. एक उलटी करून त्यांनी मला बुडाची अक्षरे दाखवली, के. एफ. म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना, स्थापना 1869. "मास्तर," ते म्हणाले, "लोखंड आपण होऊन बोलत नाही. पण विचारलं तर खोटंही बोलत नाही."

त्यांच्यापाशी बसून मला जे कळले आणि पुढे मी जे वाचले, ते थोडे सांगतो.

आपल्याकडे जुन्या तोफांना नंबर नव्हते, नावे होती. विजापूरची मुलूखमैदान आमच्याच अहमदनगरात 1549 साली ओतली गेली आणि तिच्या अंगावर ओतणाऱ्या रूमी कारागिराचे नावही आहे. दौलताबादच्या मेंढा तोफेला मेंढ्याचे तोंड आहे. अशी तोफ जगात एकच. दुसरी तशीच काढायची म्हटली तरी निघणार नाही. मग तिला नंबर कशाला हवा? घरातल्या लेकराला आपण नावाने हाक मारतो, शाळेच्या हजेरीपटावर मात्र त्याला आकडा मिळतो. एकासारख्या एक अशा शेकडो वस्तू कारखान्यातून बाहेर पडू लागल्या, तेव्हा आकड्याची गरज पडली.

इंग्रजांच्या तोफांवर आकडे असतात, पण ते वेगळे. एका किल्ल्यावर वाटाड्याने मला तोफेवरचे तीन आकडे दाखवले, मध्ये आडव्या रेघा, आणि ती तोफ ओतल्याची तारीख आहे असे छातीठोक सांगितले. महिना कोणता म्हणाल तर तो सांगेना! हवालदारसाहेबांनी उलगडा केला. ते वजन असते. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे 112 पौंडांचा. दुसरा पावाचा, म्हणजे 28 पौंडांचा. तिसरा सुट्या पौंडांचा. 24-2-14 असे असेल तर तोफ 2758 पौंडांची. पुढच्या सहलीत मुलांकडून मी हेच गणित करवून घेतले आणि वाटाड्याने मला पुन्हा कधी चहा विचारला नाही.

बंदुकीच्या नंबराचे मूळ कारण मात्र चोर पकडणे हे नव्हे. जुन्या काळी कारागीर प्रत्येक भाग कानसीने घासून दुसऱ्यात बसवीत असे. दहा बंदुका एकदम खोलल्या आणि भाग मिसळले, तर एकही धड जुळायची नाही. म्हणून एका बंदुकीच्या सर्व भागांवर एकच आकडा ठोकत. सॅम्युएल कोल्ट याने 1847 साली अमेरिकन घोडदळासाठी एक हजार भारी पिस्तुले करून दिली. त्यांवर ए, बी, सी, डी, ई अशी पथकांची अक्षरे व पथकातला आकडा आहे. आज त्यांतले एखादे निघाले तर ते कुठल्या पथकाचे होते हे जागच्या जागी समजते. आपल्या सैन्यात व पोलिसांत वर्षानुवर्षे चाललेल्या तीनशे तीन रायफलीतही बोल्टच्या दांड्यावरचा नंबर आणि मुख्य भागावरचा नंबर एकच असावा लागतो, कारण प्रत्येक बोल्ट त्या त्या बंदुकीला बसवून घेतलेला असतो. इशापूरच्या कारखान्यातल्या रायफलीवर स्वातंत्र्यापूर्वी मुकुट आणि राजाची जी. आर. आय. ही अक्षरे असत. प्रजासत्ताक आले तेव्हा मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. एका पट्टीवर देशाचा केवढा इतिहास!

जर्मनांनी तर नंबराला लपंडाव शिकवला. हिटलरच्या काळात मौझर कारखान्याचे नाव पिस्तुलावर न घालता एस/42 अशी खूण घालत आणि वर्षाऐवजी अक्षर, 1934 साठी के आणि 1935 साठी जी. आकडे दहा हजारापर्यंत गेले की पुढे ए, बी अशी अक्षरे जोडून पुन्हा एकपासून सुरुवात, आणि नवे वर्ष लागले की सगळेच पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा तिकडच्या पिस्तुलाचा नुसता नंबर सांगून भागत नाही, वर्ष आणि अक्षरही लागते.

इतके सावध असूनही ते फसले, आणि फसले ते नंबरांनीच. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगतो. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांना जर्मनांचे रणगाडे महिन्याला किती तयार होतात ते कळेना. हेर सांगत, दीड हजार. लंडनच्या अमेरिकन वकिलातीत बसलेल्या काही अर्थशास्त्रज्ञांनी वेगळाच धंदा सुरू केला. मोडून पडलेल्या किंवा हाती लागलेल्या रणगाड्यांचे नंबर ते गोळा करू लागले. त्यांतही गिअरपेटीचे नंबर सर्वांत कामाचे ठरले, कारण त्यांची माळ मध्ये कुठे तुटलेली नव्हती.

हिशेब असा. पिशवीत एकपासून क्रमाने आकडे घातलेल्या चिठ्ठ्या आहेत, पण किती ते ठाऊक नाही. पाच चिठ्ठ्या काढल्या. निघाले 8, 14, 37, 52 आणि 61. एकूण चिठ्ठ्या 61 पेक्षा कमी नाहीत हे उघड आहे. पण 61 च्या पुढे किती असाव्यात? निघालेल्या आकड्यांच्या मध्ये सरासरी जेवढी जागा मोकळी आहे, साधारण तेवढीच शेवटच्या आकड्यापुढेही असणार. 61 पैकी पाच निघाले, राहिले 56. त्यांचे पाच वाटे केले तर वाट्याला 11 आणि थोडे वर. म्हणजे चिठ्ठ्या 72 च्या आसपास. मी त्या दिवशी पिशवीत 75 घातल्या होत्या. मुलांनी बाके वाजवली. दिवाळीत फराळ आटोपल्यावर हा खेळ घरी करून पाहावा, पत्त्यांपेक्षा रंगतो.

जून 1941 साठी हेरांचा आकडा होता महिन्याला 1550 रणगाडे, नंबरवाल्यांचा 244. ऑगस्ट 1942 साठी हेरांचे पुन्हा 1550, नंबरवाल्यांचे 327. युद्ध संपल्यावर जर्मनांची दफ्तरे हाती आली, त्यांत खरे आकडे होते 271 आणि 342. पुढे फेब्रुवारी 1944 साठी केवळ दोन रणगाड्यांच्या चाकांवरच्या खुणांवरून त्यांनी 270 हा अंदाज केला. दफ्तरात 276 निघाले. कारखान्यातल्या ज्या कारकुनाने शिस्तीने ओळीने नंबर ठोकले, त्याला आपण शत्रूला बातमी देतो आहोत हे स्वप्नातही आले नसेल.

आता ट्रॅक्टर. हवालदारसाहेबांच्या अंगणात एक करडा फर्ग्युसन उभा होता. मालकाचे म्हणणे, आजोबांनी तो स्वातंत्र्याच्या साली आणला. हवालदारसाहेबांनी चालकासमोरची पट्टी पुसली. आकड्याआधी टी. ई. एफ. ही अक्षरे होती. "टी. ई. म्हणजे इंग्लंडात केलेला, कव्हेंट्रीच्या कारखान्यात. तिसरं अक्षर इंजिनाचं. ए असतं तर पेट्रोल, डी असतं तर रॉकेलसारखं तेल, एफ म्हणजे डिझेल. आणि डिझेलचा फर्ग्युसन निघाला 1951 साली." मालक म्हणाला, "मग आजोबा खोटं बोलले?" हवालदारसाहेब म्हणाले, "नाही हो. ट्रॅक्टर आला तेव्हा घरात स्वातंत्र्यच आलं असेल." घराणे काय आणि ट्रॅक्टर काय, त्यांचे वय वाढवून सांगण्याकडे आपला ओढा असतोच. (हे फर्ग्युसन 1946 ते 1956 या दहा वर्षांत पाच लाखांहून जास्त निघाले. त्यांतलेच काही घेऊन एडमंड हिलरी 4 जानेवारी 1958 रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला. एव्हरेस्टवर पायी गेलेला माणूस ध्रुवावर ट्रॅक्टरने गेला, याची मला मोठी मौज वाटते.)

पण नंबरावरही आंधळा विश्वास ठेवू नये हे मला ट्रॅक्टरनेच शिकवले. अमेरिकेत हेन्री फोर्डने फर्ग्युसनशी नुसत्या हस्तांदोलनावर करार करून 1939 साली 9-एन नावाचा ट्रॅक्टर काढला. युद्धात 1942 साली त्यात फेरफार होऊन 2-एन आला, पण इंजिनावर नंबर ठोकताना आरंभी 9-एन हीच अक्षरे राहिली. म्हणजे अक्षरांवर जावे तर 2-एन हा ट्रॅक्टर जन्मलाच नाही! 1947 साली 8-एन आला, हस्तांदोलन मोडले आणि दोघे कोर्टात गेले. 1952 साली फोर्ड कंपनीने फर्ग्युसनला 92 लाख 50 हजार डॉलर देऊन तंटा मिटवला. या ट्रॅक्टरांचा नंबर इंजिनाच्या ठोकळ्यावर असतो. ठोकळा फुटला आणि दुसऱ्या ट्रॅक्टरचा बसवला, की नंबर बदलला. मग नंबर सांगतो ते वय ठोकळ्याचे. अशा वेळी जाणता माणूस इतर ओतीव भागांवरच्या खुणा पाहतो आणि चार साक्षीदारांचे जुळते का ते बघतो. त्याआधीच्या फोर्डसनचा रंगदेखील साक्ष देतो. इंग्लंडातल्या डॅगनहॅमचा फोर्डसन 1937 पासून नारिंगी होता. युद्धात तो विमानातून लांबून दिसू लागला म्हणून त्याला हिरवा केला.

नंबराने गुन्हेगार सापडल्याची सर्वांत मोठी गोष्ट अमेरिकेतली. 22 नोव्हेंबर 1963 रोजी अध्यक्ष केनेडी यांचा डॅलस येथे खून झाला. इमारतीत एक इटालियन रायफल सापडली. नंबर सी-2766. त्या नंबराच्या मागोमाग पोलीस आयात करणाऱ्या दुकानापर्यंत, तिथून शिकागोच्या टपालाने माल पाठवणाऱ्या दुकानापर्यंत गेले. दुकानाच्या माणसांनी रात्रभर दफ्तर चाळले आणि पहाटे चारच्या सुमारास कागद सापडला. 20 मार्च रोजी ए. हिडेल या नावाने डॅलसच्या टपालपेटीवर रवाना. पैसे मनिऑर्डरीने, 21 डॉलर 45 सेंट. हिडेल हे ओस्वाल्डने घेतलेले खोटे नाव होते. माणसाने नाव बदलले, बंदुकीला ते जमले नाही.

म्हणूनच चोर कानस मारून नंबर घालवतो. पण ठसा ठोकताना खालचे पोलादही खोलवर दबलेले असते. घासून गुळगुळीत केलेल्या जागी आम्ल लावले की दबलेले पोलाद बाजूच्या पोलादापेक्षा वेगळे झिजते आणि गेलेले आकडे पुन्हा अंधुक दिसू लागतात.

हे सारे ऐकून मी उठलो तेव्हा हवालदारसाहेब म्हणाले, "तुमच्या बंदुकीच्या नळीत करंगळी घालून पाहा. आत आटे लागतात का?"

मी वाड्यावर जाऊन पाहिले. आत आटे नव्हते, नळी काचेसारखी साफ. त्याचा अर्थ कळला तेव्हा मला क्षणभर बसावे लागले. 1857 साली जी एन्फिल्ड रायफल हिंदी शिपायांना दिली जाऊ लागली होती, तिच्या नळीत आटे होते व नेम लांबवर लागे. तिच्याच काडतुसांवरून भडका उडाला. बंड मोडल्यावर सरकारने हिंदी पलटणींसाठी दिसायला तशीच, पण आटे नसलेली बंदूक काढली. गोऱ्या शिपायाची गोळी लांब जावी, काळ्या शिपायाची जाऊ नये. तो अविश्वास माझ्या करंगळीला लागत होता.

कुंद्यावर पितळी पट्टीशेजारी एक आकडाही निघाला, 312. मित्र म्हणाला, "हा तर मला पाठ आहे. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. हवालदार वहीत हाच आकडा लिहून घेतो." म्हणजे गावच्या ठाण्याला जे माहीत होते, ते घराला नव्हते. आम्ही माळ्यावरची कागदांची पेटी उतरवली. तिसऱ्या दिवशी एक घडी पडलेला मोडी कागद मिळाला, बंदुकीचा परवाना, मित्राच्या पणजोबांच्या नावाचा. एका वृद्ध कारकुनांनी तो वाचून दिला. ठासणीची बंदूक एक, आकडा 312, कारण: पिकास रानडुकरांचा उपद्रव.

आता काकूंना सांगायचे कुणी? मित्र म्हणे तू सांग, तू मास्तर. मी म्हणे तू सांग, तू मुलगा. शेवटी दोघे त्यांच्यासमोर जाऊन बसलो आणि मी खाली मान घालून सगळे सांगितले, खर्ड्यापासून रानडुकरापर्यंत. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. सुपारी कातरत होत्या, तो अडकित्ता थांबला.

मग म्हणाल्या, "सासूबाई सांगायच्या. नदीकाठच्या तुकड्यातली ज्वारी एका रात्रीत डुकरांनी लोळवली होती. दुष्काळ नुकता सरलेला. मामंजींचे वडील मग हुरड्यापासून खळ्यापर्यंत माळ्यावरच झोपायचे, उशाशी बंदूक घेऊन. एकदा डुकरानं त्यांची मांडी फाडली, ते अखेरपर्यंत लंगडत होते. मी म्हणायची, हे कुठं सांगायचं चारचौघांत? डुकराची गोष्ट काय सांगायची?"

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "दाखव बघू तो कागद."

त्यांना मोडी येत नाही. तरी त्यांनी कागद दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला आणि पणजोबांचे नाव कुठे आहे ते मला बोट ठेवून दाखवायला लावले.

कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी नायकाच्या हाती तोड्याची बंदूक दिली आणि टोपीचे वाक्य काढून टाकले. हवालदारसाहेबांना प्रत पाठवली. त्यांचे उत्तर आले: "मिळाली. पान 94 वर घोड्याच्या नालाबद्दल लिहिले आहे, ते भेटीत बोलू."

यंदाच्या खंडेनवमीला काकूंनी पूजेनंतर रानडुकराची गोष्ट सांगितली. नातवंडांना खर्ड्याहून ती जास्त आवडली, विशेषतः मांडी फाटल्याचा भाग. परवाना आता काचेच्या चौकटीत देवघराशेजारी आहे. त्याच्यामागे काकूंनी ठाण्याच्या पावत्या खोचून ठेवल्या आहेत, प्रत्येक निवडणुकीची एक. दर पावतीवर आकडा 312.